खेकड्यांचं जहाज आणि बँकेतला कारकून

"अरं, नरकात चाललोय आपण!"

कादंबरीचं हे पहिलं वाक्य. हाकोदाते बंदरात लागलेल्या जहाजाच्या कठड्याला रेलून एक मासेमार दुसऱ्याला हे म्हणतो आणि बोटाला चटका बसेपर्यंत ओढलेलं सिगारेटचं थोटूक थुंकीसकट पाण्यात टाकतो. त्याची भाषा तोक्योची नाही, उत्तर जपानच्या खेड्यांतली आहे. म्हणून मी 'अरे'चं 'अरं' केलं.

कादंबरीचं नाव 'कानिकोसेन'. कानी म्हणजे खेकडा, कोसेन म्हणजे कारखाना-जहाज. ती १९२९ साली छापून आली तेव्हा तिचा लेखक ताकिजी कोबायाशी २५ वर्षांचा होता आणि बँकेत नोकरीला होता. पुढे चार वर्षांच्या आत तो तोक्योच्या एका पोलिस ठाण्यात मारला गेला. वय २९.

ताकिजीबद्दल सांगताना बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात: छळ, हौतात्म्य, लाल झेंडा. ते सगळं खरं आहे आणि मीही तिथे येणारच आहे. पण तो मला जास्त कळला तो त्याच्या बँकेतल्या टेबलावरून. पैसा कुठून निघतो, कुणाच्या खिशातून जातो आणि वाटेत कुणाचा जीव घेतो, हे त्याला खतावणीतल्या नोंदींसारखं वाचता यायचं. त्याचं राजकारण आधी घोषणांमध्ये नाही, हिशेबात दिसतं.

आधी ते जहाज समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथे आहे.

खेकड्याचं मांस फार लवकर खराब होतं. डबाबंद करून विकायचं तर कारखाना हाताशी हवा. पण ताराबा नावाचा मोठ्ठा, लांब पायांचा खेकडा भरपूर मिळायचा तो कामचात्काच्या थंडगार समुद्रात, म्हणजे रशियाच्या दारात. मग कारखानाच समुद्रात नेला. एखादं जुनंपुराणं जहाज घ्यायचं, त्याच्या पोटात खेकडे उकडायची भांडी आणि डबे बंद करायची यंत्रं बसवायची, बाजूला छोट्या होड्या टांगायच्या. होड्यांनी जाळी टाकून खेकडे आणायचे, जहाजावरच्या माणसांनी ते फोडायचे, उकडायचे, मांस काढून डब्यांत भरायचं. डब्यांना परदेशात, विशेषतः अमेरिका आणि इंग्लंडमध्ये, चांगला भाव होता. जपानला परकीय चलन मिळत होतं, त्यामुळे या धंद्याकडे सरकारचंही प्रेमाने लक्ष होतं. संरक्षणाला नौदलाची विनाशिका आसपास फिरत असे.

आता कायद्याचा भाग. जपानी भाषेत 'कोसेन' हा उच्चार दोन वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिता येतो. एका 'को'चा अर्थ कारखाना, दुसऱ्याचा अर्थ जलप्रवास. ताकिजी कादंबरीत नेमकं या श्लेषावर बोट ठेवतो. हे जहाज पहिल्या अर्थाचं कोसेन आहे, दुसऱ्या अर्थाचं नाही. सबब जहाजांसाठीचे नियम त्याला लागू नाहीत. बरं, मग कारखाना म्हणा. जपानमध्ये १९१६ पासून कारखाना कायदा अमलात होता. पण हा कारखाना पडला पाण्यावर तरंगणारा, त्यामुळे तोही कायदा लागू नाही. वीस-वीस वर्षं धक्क्याला बांधून ठेवलेली, बुडवण्याच्याच लायकीची जहाजं वरून रंग फासून पुन्हा समुद्रात सोडली जात आणि त्यांवर काम करणारी माणसं दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडत.

ही फट ताकिजीची खरी पकड आहे. जुलमी माणसं साहित्यात पैशाला पासरी मिळतात. जुलूम करायला लागणारी रिकामी जागा कागदावर कशी तयार केली जाते, हे दाखवणारे लेखक कमी.

तो जन्मला १९०३ साली, होन्शू बेटाच्या उत्तरेला आकिता प्रांतातल्या एका गावात. घरची शेती बुडत चाललेली. तो चार वर्षांचा असताना कुटुंब समुद्र ओलांडून होक्काइदोतल्या ओतारू बंदरात आलं, कारण तिथे काकांची बेकरी चांगली चालली होती. आईवडिलांनी गावाच्या कडेला पाव-मिठाईचं छोटं दुकान टाकलं. दुकानाजवळ बंदराच्या आणि रेल्वेच्या कामांवरचे मजूर राहत. त्यांच्या झोपड्यांना लोक 'ताकोबेया' म्हणत, म्हणजे ऑक्टोपसची खोली. ऑक्टोपस धरायचं मडकं असतं, त्यात तो आपण होऊन शिरतो आणि अडकतो. तसं उचल घेऊन आत गेलेला माणूस बाहेर पडत नाही, असा एक अर्थ सांगतात. 'उचल' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आगाऊ पैसे हातावर ठेवायचे, त्यातले अर्धे मुकादमाने वाटेतच खायचे आणि माणूस कामावर पोचतो तेव्हाच कर्जात असतो, ही युक्ती समजावून सांगायला मराठी वाचकाला वेगळं शिकवायला नको.

होक्काइदोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ते बेट मुळात आयनू लोकांचं. १८६८ नंतर जपानी सरकारने तिथे वसाहत केली, मुख्य बेटावरचे भूमिहीन नेऊन बसवले, जंगलं तोडली, खाणी खणल्या. या वसाहतीला भांडवल पुरवण्यासाठी १९०० साली एक बँक काढली: होक्काइदो ताकुशोकु बँक. 'ताकुशोकु' या शब्दाचा अर्थच जमीन फोडून वसाहत करणं. काकांच्या बेकरीत राबून, त्यांच्या पैशावर ओतारूच्या वाणिज्य शाळेत शिकून ताकिजी १९२४ मध्ये या बँकेच्या ओतारू शाखेत लागला. चांगली नोकरी, कोट-टाय, बोनस. घरच्यांचे दिवस पालटले.

त्याच सुमारास त्याची गाठ ताकी नावाच्या मुलीशी पडली. घरच्या गरिबीपायी तिला एका खानावळीत विकलं होतं. तिथे गिऱ्हाइकांना जेवणाबरोबर बायाही मिळत. ताकिजीने बोनसचे पैसे घातले, उरलेले उसने घेतले आणि तिच्या नावावरचं कर्ज फेडून तिला सोडवलं. पुढे ती स्वतःहून त्याच्यापासून दूर गेली. ही प्रेमकथा म्हणून सांगतात, आहेही. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं: दिवसा हा मुलगा बँकेत जमिनी गहाण पडताना बघत होता आणि संध्याकाळी गहाण पडलेल्या माणसाची रक्कम भरत होता. दोन्हीकडे वही तशीच.

१९२६-२७ मध्ये फुरानोच्या एका शेतीवर कुळांनी खंड कमी करा म्हणून भांडण काढलं. मालक राहायचा ओतारूत. पिकं बुडालेली कुळं शेवटी ओतारूला येऊन थडकली आणि शहरातल्या गोदी कामगारांनी त्यांना साथ दिली. शेत कुठे, मालक कुठे, आणि मधे कर्ज देणारी बँक. ताकिजीने हे सगळं जवळून पाहिलं आणि नंतर 'फुझाइ जिनुशी', म्हणजे गावात न राहणारा जमीनदार, ही कादंबरी लिहिली. नोव्हेंबर १९२९ मध्ये ती एका बड्या मासिकात छापून आली आणि त्याच महिन्यात बँकेने त्याला काढून टाकलं. बँकेच्या बाजूने पाहिलं तर कारण सरळ आहे: आपलाच कारकून आपली वही चव्हाट्यावर वाचतोय. (हीच बँक १९९७ साली बुडीत कर्जांच्या ओझ्याखाली कोसळली. ताकिजी असता तर त्यावर एक प्रकरण नक्की लिहिलं असतं.)

आता थोडं मागे, १९२५ मध्ये. त्या एकाच वर्षी जपानी संसदेने दोन कायदे केले. एकाने २५ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला. आधी तो कर भरणाऱ्यांपुरता होता. दुसरा शांतता रक्षण कायदा. सम्राटाच्या सत्तेवर आधारलेली राज्यव्यवस्था बदलू पाहणं किंवा खाजगी मालमत्तेची पद्धत नाकारणं, अशा उद्देशाने संघटना काढणं हा त्याने गुन्हा ठरवला. गरिबाला मत मिळालं, पण त्या मताने काय मागायचं नाही हे आधीच लिहून ठेवलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये नव्या पद्धतीची पहिली निवडणूक झाली. डाव्या पक्षांचे काही उमेदवार निवडून आले. १५ मार्चच्या पहाटे देशभर धाडी पडल्या आणि सुमारे १,६०० लोक उचलले गेले. त्याच वर्षी कायद्यात फाशीची शिक्षाही घातली गेली.

ओतारूतही धरपकड झाली. पकडलेल्यांत ताकिजीचे ओळखीचे होते. सुटून आल्यावर त्यांनी ठाण्यात काय झालं ते सांगितलं आणि ताकिजीने त्यावर लिहिलेली '१५ मार्च १९२८' ही कथा त्याच वर्षाच्या अखेरीस 'सेन्की' या डाव्या मासिकात आली. विचारांवर पाळत ठेवणारं एक खास पोलिस खातं होतं, लोक त्याला 'तोक्को' म्हणत. या खात्याच्या कोठडीत माणसाला टांगतात कसं, कशाने मारतात, शुद्ध गेली की काय करतात, हे ताकिजीने एकेक करून लिहिलं. अंक जप्त झाला. तोक्कोने ते नाव मात्र लक्षात ठेवलं.

'कानिकोसेन' त्यानंतरची. त्यातलं जहाज हवेतून आलेलं नाही. १९२६ मध्ये 'चिचिबु-मारू' हे खेकड्यांचं जहाज खरोखर बुडालं होतं आणि त्याच वर्षी 'हाकुआइ-मारू' या कारखाना-जहाजावर कामगारांना झालेल्या अमानुष वागणुकीच्या बातम्या आल्या होत्या. 'हाकुआइ-मारू' एकेकाळी रेडक्रॉसचं रुग्णालय-जहाज होतं. जिथे जखमी सैनिकांना बरं केलं, तिथेच पुढे धडधाकट माणसं आजारी पडून मेली. ताकिजीने कात्रणं जमवली, बँकेच्या सुट्ट्या धरून हाकोदातेला जाऊन खेकड्यांच्या जहाजांवरून आलेल्या लोकांशी बोलला, आणि कादंबरीत जहाजाचं नाव जरासं फिरवून 'हाक्को-मारू' केलं.

कादंबरीत एक प्रसंग आहे. वादळात 'चिचिबु-मारू'कडून मदतीची हाक येते, बिनतारी यंत्रावर. जहाजावर ४२५ माणसं. कप्तान दिशा बदलायला निघतो. तेवढ्यात कंपनीचा देखरेख करणारा माणूस, आसाकावा, त्याला अडवतो. कुणाच्या हुकमाने जहाज वळवतोस? एक आठवडा फुकट जाईल. आणि त्या जहाजाचा विमा त्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे, बुडालं तर उलट फायदाच. मग सगळे बिनतारीच्या खोलीत बसून ऐकत राहतात, हाक हळूहळू क्षीण होत जाते आणि थांबते.

हे विम्याचं वाक्य बँकेत बसलेल्या माणसालाच सुचावं. आसाकावा तिथे ओरडत नाही, मारत नाही. तो फक्त बेरीज करतो.

इतर ठिकाणी तो मारतो, भरपूर. जास्त काम करणाऱ्याला बक्षीस आणि सगळ्यात कमी काम करणाऱ्याला तापलेल्या लोखंडाचा डाग, अशी नोटीस लावतो. खलाशी विरुद्ध मासेमार अशी शर्यत लावून देतो. शर्यतीत दोघेही जास्त राबतात आणि एकमेकांचा राग करतात, कंपनीचा नाही. कामगार झोपतात त्या तळघराला तेच 'हगणदारी' म्हणतात. नुसता पांढरा भात खाऊन त्यांना बेरीबेरी होतो. तांदूळ पॉलिश केला की ब-१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर जातं, पाय सुजतात, हृदय थकतं. या रोगाने एक २७ वर्षांचा मासेमार मरतो. त्याला गावी न्यायचं कबूल केलेलं असतं, प्रत्यक्षात पोत्यात घालून समुद्रात सोडतात.

त्या मेलेल्या मासेमाराचं आडनाव आपल्याला कळतं, बाकी बहुतेकांना नावंच नाहीत. 'तोतरा', 'विद्यार्थी', 'खाणीतून आलेला', 'पोरं'. कादंबरीला नायक नाही. ताकिजीने एका समीक्षक मित्राला पत्रात लिहून कळवलं होतं की हे मुद्दाम आहे, नायक म्हणजे हा सगळा घोळका. ऐकायला हे तत्त्वज्ञान कोरडं वाटतं, पण वाचताना उलटं होतं. नावं नसल्यामुळे कुणाच्या तरी पायाची सूज, कुणाची तरी उवांनी भरलेली बंडी, कुणाचं तरी घरून आलेलं पत्र, असं सगळं एकाच देहाचं वाटायला लागतं. हा देह हळूहळू बोलायला शिकतो.

मग संप होतो. आसाकावा बिनतारीवरून कळवतो आणि विनाशिका येते. कामगारांना आनंद होतो, कुणी जयजयकारही करतो: आपलं नौदल आलं, आता यांना दाखवतील! नौसैनिक संगिनी रोखून जहाजावर चढतात आणि संपाच्या नऊ पुढाऱ्यांना बांधून नेतात. इतक्या दिवसांत कुठल्याही पत्रकाने जे शिकवलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळतं. उरलेले आपापसांत बोलतात की चूक झाली ती नऊ जणांना पुढे करण्यात. सगळेच पुढे आलो असतो तर सगळ्यांना नेता आलं नसतं, कारण मग खेकडे कुणी काढायचे? शेवटचा शब्द: "पुन्हा एकदा!"

त्यानंतर एक छोटी पुरवणी आहे आणि ती मला मुख्य शेवटापेक्षा आवडते. दुसरा संप यशस्वी झाला, असं ती कोरडेपणाने कळवते. आणि हंगाम बुडवल्याबद्दल कंपनीने आसाकावाला एक दमडी न देता हाकललं, तेव्हा तो ओरडला की मला फसवलं! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना मोजलं, त्यालाही कुणीतरी मोजतच होतं.

पुस्तकात कमजोर जागा नाहीत असं नाही. वादळात भरकटलेली एक होडी रशियन किनाऱ्याला लागते आणि तिथे एक चिनी माणूस मोडक्या जपानीत कामगारांना क्रांतीचा धडा देतो. तो धडा लेखकाला आधीच पाठ होता आणि ते कळतं. ताकिजी ज्यांना गुरुस्थानी मानायचा ते ज्येष्ठ कथाकार शिगा नाओया यांनी त्याला पत्रात हेच सौम्यपणे सांगितलं: ज्या कलेला मालक असतो, तिची ताकद उणावते. ताकिजी रागावला नाही. १९३१ मध्ये तो नाराला जाऊन शिगांना भेटला. विचारांनी हे दोघे दोन टोकांना, तरी ही भेट झाली.

'सेन्की'मध्ये कादंबरी मे आणि जून १९२९ अशी दोन भागांत आली. जूनचा अंक बंदीत गेला. पुस्तक निघालं, त्यावरही बंदी आली, तरी हजारो प्रती हातोहात गेल्या. आणि एका वाक्याने वेगळंच संकट ओढवलं. दरवर्षी खेकड्यांचे काही खास डबे सम्राटाला भेट म्हणून जात. ते भरताना कादंबरीतला एक कामगार वैतागून म्हणतो की घाला त्यात दगडधोंडे, कोण विचारतंय! एवढ्यावर १९३० मध्ये लेखकावर सम्राटाच्या अपमानाचा आरोप ठेवला गेला.

त्या काळचं जपानी पुस्तक उघडलं की पानापानावर × × × दिसतात. याला 'फुसेजी' म्हणत, म्हणजे झाकलेली अक्षरं. सेन्सॉरने अंक जप्त केला तर छपाईचा सगळा खर्च अंगावर येतो, म्हणून संपादक स्वतःच धोक्याचे शब्द काढून तेवढ्याच फुल्या टाकत. वाचक फुल्या मोजून शब्द ओळखायचे. दोन फुल्या असल्या की क्रांती, हे सवयीने कळायचं. जपानीत तो शब्द दोन चिन्हांचा आहे.

नोकरी गेल्यावर १९३० मध्ये ताकिजी तोक्योला गेला. कम्युनिस्ट पक्षाला पैसे पुरवल्याच्या संशयावरून अटक, सुटका, पुन्हा अटक, मग तुरुंग. जानेवारी १९३१ मध्ये जामिनावर बाहेर आला. त्याच वर्षी बंदी असलेल्या पक्षाचा रीतसर सभासद झाला. १९३२ च्या वसंतात लेखकांवर धाडी पडल्या तेव्हा तो भूमिगत झाला.

या भूमिगत महिन्यांवर त्याने 'तो सेइकात्सुशा', पक्षासाठी जगणारा माणूस, ही कादंबरी लिहिली. नाव बदलत, खोल्या बदलत, आईलाही चोरून भेटत काढलेले दिवस. तिच्यातली एक गोष्ट मला खटकते, आणि मी काही पहिला नाही. नायक ज्या मुलीच्या खोलीत लपतो तिच्या पगारावर जगतो, आणि तिची नोकरी गेल्यावर तिने पुरुषांची सरबराई करणाऱ्या कॅफेत काम धरावं असं सुचवतो. ती रडते तेव्हा तो मनात तिच्या अपुऱ्या राजकीय समजेची नोंद करतो. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, यावरून जपानी समीक्षकांत मोठं रण माजलं: ध्येयापुढे माणूस साधन झालं तर हा लेखक आणि आसाकावा यांत फरक काय? दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की जिवावर बेतलेल्या माणसाला आरामखुर्चीतून नीती शिकवू नका. मला दोन्ही पटतं. पण ज्याने कधी काळी बोनस घालून एका मुलीचं कर्ज फेडलं, त्याच्याच लेखणीतून ते पान उतरावं, हे टोचतं खरं.

२० फेब्रुवारी १९३३. तोक्योच्या आकासाका भागात ताकिजी एका सहकाऱ्याबरोबर ठरलेल्या भेटीला गेला. ती भेट पोलिसांच्या हस्तकाने रचलेली होती. दुपारी पकडून त्याला त्सुकिजी ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी तो मेलेला होता. पोलिसांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. प्रेत घरी आलं तेव्हा मांड्या रक्त साकळून काळ्यानिळ्या आणि दुप्पट सुजलेल्या होत्या, मनगटांवर आणि गळ्यावर वळ होते. मित्रांनी त्याचे फोटो काढून ठेवले, चेहऱ्याचा साचा घेतला. शवविच्छेदन करायला एकही रुग्णालय तयार झालं नाही. जे त्याने '१५ मार्च'मध्ये पाच वर्षांपूर्वी लिहिलं होतं, तेच त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं. अंत्यदर्शनाला येणाऱ्यांनाही पोलिसांनी पकडलं. शांघायहून चिनी लेखक लू शुन यांनी शोकसंदेश पाठवला. शिगांनी ताकिजीच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं.

युद्धानंतर शांतता रक्षण कायदा रद्द झाला, फुल्या गेल्या, 'कानिकोसेन' पूर्ण छापली गेली आणि हळूहळू अभ्यासक्रमातलं पुस्तक होऊन बसली. म्हणजे सगळ्यांना नाव माहीत, वाचलेली कुणी नाही.

मग २००८ आलं. जानेवारीत 'माइनिची' वृत्तपत्रात एका संवादात लेखिका कारिन आमामिया यांनी म्हटलं की हे पुस्तक आजच्या तरुण कंत्राटी कामगारांच्या स्थितीसारखंच वाटतं. तोक्योतल्या उएनो स्थानकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने ते वाचलं, हाताने कार्ड लिहून प्रतींचा ढीग समोर मांडला. एरवी वर्षाला पाचेक हजार खपणारं हे पाकीट-पुस्तक त्या वर्षी पाच लाखांवर गेलं. 'कानिको' हे तरुणांच्या तोंडी क्रियापद झालं: राब-राब राबवून घेतलं जाणं.

हे का झालं हे त्या फटीकडे परत गेल्यावर कळतं. जपानमध्ये २००४ पासून कारखान्यांना एजन्सीकडून माणसं भाड्याने घेण्याची मोकळीक मिळाली. याला 'हाकेन' म्हणतात. माणूस राबतो गाड्यांच्या कारखान्यात, पण तो कारखान्याचा नोकर नाही; नोकर आहे एजन्सीचा, आणि एजन्सीकडे कारखाना नाही. अपघात झाला, काम थांबलं, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. राहायची खोलीही बहुधा एजन्सीची, त्यामुळे काम सुटलं की छप्परही सुटलं. २००८ च्या अखेरीस मंदी आली, हजारोंना काढलं गेलं आणि नववर्षाच्या सुट्टीत तोक्योच्या हिबिया बागेत, सरकारी मंत्रालयांच्या समोर, बेघर झालेल्या पाचेकशे कामगारांसाठी तंबू ठोकून जेवण रांधावं लागलं. त्यातल्या कुणी ताकिजी वाचला होता की नाही, याने फारसा फरक पडत नाही. जहाजाला रंग नवा होता, एवढंच.

ताकिजीची आई सेकी निरक्षर होती. मुलगा तुरुंगात गेला तेव्हा त्याला पत्र लिहिता यावं म्हणून ती साठीच्या उंबरठ्यावर काना, म्हणजे जपानीतली सोपी अक्षरं, गिरवायला बसली. प्रेत घरी आणलं त्या रात्री तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय की ती त्याला कवटाळून म्हणत होती, ऊठ ना, पुन्हा एकदा उभा राहा ना, सगळ्यांसाठी. कादंबरीचा शेवटचा शब्द तिला माहीत होता का, कुणास ठाऊक.

ती १९६१ साली गेली. मागे एक चिठोरी सापडली, तिने स्वतःच लिहिलेली. जपानीत 'का'चा 'गा' करायला अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा द्याव्या लागतात; तिच्या अक्षरांत त्या बऱ्याच ठिकाणी राहून गेल्या आहेत. पुन्हा हा फेब्रुवारी आला, असं तिने लिहिलंय. नकोसा महिना. मोठ्याने रडावंसं वाटतं, पण कुठेही गेलं तरी रडता येत नाही. रेडिओ असला की जरा बरं. डोळ्यांतून पाणी येतं, चष्मा धुरकट होतो.